अनुभव कुठून आणायचा? आयसीयूतल्या नवख्या हातांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये इअरफोन घरी विसरल्याचं लक्षात येतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' आणि शेजारच्या कुत्र्याचं भुंकणं काढून टाकलंय. बाकी सगळं तसंच.

आजचा विषय एका फोनमुळे सुचला. पहाटे सव्वाचारला माझ्या मामेबहिणीचा फोन आला. घरात तिला आम्ही छकुली म्हणतो, इथेही तेच म्हणतो. बीएस्सी नर्सिंग करून तिला जेमतेम चार महिने झाले होते. त्यातले पहिले दोन महिने मुलाखतींत गेले आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: "आयसीयूचा अनुभव किती?" आता नुकतीच पास झालेली मुलगी अनुभव आणणार कुठून? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुखणं ओळखीचं आहे. फ्रेशरची जागा म्हणायची आणि खाली लिहायचं, 'दोन वर्षांचा अनुभव आवश्यक'.

शेवटी एका हॉस्पिटलने तिला घेतलं. एक आठवडा माहिती दिली, दोन वर्षांचा बाँड सही करून घेतला आणि तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळीला व्हेंटिलेटरवरचे दोन पेशंट तिच्या एकटीच्या हवाली केले. त्या रात्री एका व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला. तिने तो बंद केला. परत वाजला. ऑक्सिजनचा आकडा ९४ वरून ८८, मग ८१. "दादा, मला सगळं येत होतं रे," ती म्हणाली. "परीक्षेत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मिळाले असते. पण माझे हातच हलेनात."

पलीकडच्या बाजूची एक मोठी सिस्टर धावत आली. तिने व्हेंटिलेटरची नळी काढली, अँब्यू बॅग लावली, दोनदा दाबली आणि ती बॅग छकुलीच्या हातात दिली. "दाब. काय वाटतंय हाताला?" छकुली म्हणाली, "घट्ट." "मग नळीत कफ अडकलाय. आता सक्शन." दोन मिनिटांत आकडा परत ९५. पेशंट वाचला.

फोनवर ती रडत होती ते पेशंटसाठी नाही. तिचा प्रश्न वेगळा होता: "दादा, मी या कामाच्या लायकीची नाहीये का?"

मी काय बोलणार? मी रात्रभर जागतो तो सर्व्हर पडला म्हणून. सर्व्हर पडला तर कुणी मरत नाही. पण मला एक सवय आहे, काही कळलं नाही की त्याचा इतिहास शोधायचा. गेले दोन महिने मी तेच करतोय. आणि मला जे सापडलं, त्यात तिच्या प्रश्नाचं बऱ्यापैकी उत्तर आहे.

कोपनहेगन, १९५२

आयसीयू ही कल्पना कुठून आली हे सांगताना लोक फ्लॉरेन्स नाइटिंगेलपर्यंत जातात. गंभीर रुग्ण एकत्र, नर्सच्या नजरेसमोर ठेवावेत, हा विचार तिच्या लिखाणात आहे. १९२३ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला वॉल्टर डँडी यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांसाठी तीन खाटांची वेगळी खोलीही केली होती. पण आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो, म्हणजे मशीनने श्वास आणि चोवीस तास शेजारी माणूस, त्याची खरी सुरुवात डेन्मार्कमध्ये पोलिओच्या साथीत झाली.

१९५२ चा उन्हाळा. कोपनहेगनच्या ब्लेगडॅम हॉस्पिटलमध्ये पोलिओचे रुग्ण येऊ लागले, काही दिवस तर रोज पन्नासच्या आसपास. यातल्या बऱ्याच जणांचे हातपाय नाही, तर श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडत होते. हॉस्पिटलकडे काय होतं? एक आयर्न लंग, म्हणजे माणसाला मानेपर्यंत आत ठेवायची लोखंडी टाकी, आणि सहा छोटी यंत्रं. बस. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास अडकलेल्या ३१ रुग्णांवर उपचार झाले. त्यातले २७ गेले.

विभागप्रमुख होते एच. सी. ए. लासेन. त्यांच्या हाताखालचे मोगेन्स ब्यर्नबो यांनी त्यांना सुचवलं की भूलतज्ज्ञ ब्यर्न इब्सेन यांना बोलवा. त्या काळी भूलतज्ज्ञ म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या चार भिंतींतला माणूस. वॉर्डात त्याचं काय काम?

इथे मला, एक डीबगिंग करणारा माणूस म्हणून, फार मजा आली. मेलेल्या रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसत होतं. डॉक्टर म्हणत होते, ही काहीतरी गूढ अल्कलोसिस आहे. इब्सेन म्हणाले, नाही. रुग्णांना श्वास पुरत नाहीये, कार्बन डायऑक्साइड आत साठतोय, आणि शरीर त्याला तोंड देण्यासाठी बायकार्बोनेट वाढवतंय. म्हणजे लॉग बरोबर होता, वाचणारे चुकत होते. आमच्याकडे हे आठवड्यातून एकदा होतं.

२७ ऑगस्ट १९५२. बारा वर्षांची एक मुलगी, निळी पडलेली, स्वतःच्याच कफात बुडत चाललेली. तिच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली. तरी हवा आत जाईना, ती झगडत होती. बघायला जमलेले काही डॉक्टर 'संपलं' असं समजून खोलीबाहेर गेले. इब्सेन यांनी तिला झोपेचं औषध दिलं. तिचा स्वतःचा धडपडता श्वास थांबला, आणि मग रबराची पिशवी हाताने दाबून त्यांना तिच्या छातीत हवा भरता आली. तिचा रंग परत आला. ती मुलगी वाचली.

उपाय सापडला. पण पिशवी दाबणार कोण? दिवसरात्र, मिनिटाला पंधरा-वीस वेळा, आठवडेच्या आठवडे?

उत्तर होतं, विद्यार्थी. वैद्यकीय शाखेचे, पुढे दंतवैद्यकीचेही. सगळे मिळून सुमारे १,५००. सहा-आठ तासांच्या पाळ्या, एका खाटेशेजारी एक विद्यार्थी, हातात पिशवी. एका वेळी सत्तर रुग्णांपर्यंत अशी वेळ आली. एकूण हिशोब १,६५,००० तासांचा लागला. हाताने दिलेल्या श्वासांचे १,६५,००० तास! मृत्यूचं प्रमाण, जे ८० टक्क्यांच्या वर होतं, ते निम्म्यावर आलं.

आता छकुलीच्या प्रश्नाकडे या. या मुलांना आयसीयूचा अनुभव किती होता? शून्य. असणारच नाही, कारण जगात तसला आयसीयूच नव्हता. जगातला पहिला आयसीयू स्टाफ हा सगळाच्या सगळा फ्रेशर होता.

मग ते जमलं कसं?

हे वाचून मला पहिल्यांदा वाटलं, झालं, हेच सांगायचं तिला. 'बघ, अनुभव लागतच नाही, जिगर लागते.' असलं एखादं रील मी बनवलंही असतं. पण जरा खोलात गेल्यावर कळलं की गोष्ट अगदी उलटी आहे.

त्या विद्यार्थ्यांकडे एक रुग्ण होता. एकच. दोन नाहीत. काम एक होतं: पिशवी दाबायची, रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं. भूलतज्ज्ञ फेऱ्या मारत होते, नर्सेस कफ काढणं, कूस बदलणं, बाकी सगळी शुश्रूषा सांभाळत होत्या. बहुतेक रुग्ण शुद्धीत होते, पण नळीमुळे बोलू शकत नव्हते. मग विद्यार्थी त्यांना गोष्टी वाचून दाखवायचे आणि डोळ्यांच्या हालचालींवरून ओळखायचे की हवा कमी पडतेय की जास्त होतेय. म्हणजे शिकवणारा स्वतः रुग्णच होता, आणि चुकलं तर हाक मारायला माणूस दोन पावलांवर होता.

त्यांना अनुभव नव्हता, पण त्यांना एकटं सोडलेलं नव्हतं. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि माझ्या मते हा सगळा भाग त्या फरकाबद्दल आहे.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९५३ मध्ये, इब्सेन यांनी कोपनहेगनच्या कोम्यूने हॉस्पिटलमध्ये कायमचा विभाग सुरू केला. आणि एक छोटीशी गोष्ट, जी समजल्यावर मी छकुलीला लगेच मेसेज केला. त्या रात्री मोठ्या सिस्टरने तिच्या हातात दिलेली अँब्यू बॅग आहे ना, तिचा जन्मही डेन्मार्कचाच. १९५६ मध्ये हेनिंग रूबेन हे डॅनिश भूलतज्ज्ञ आणि होल्गर हेसे हे इंजिनिअर यांनी दाबून सोडली की आपोआप फुगणारी ही बॅग आणली. आज आपल्याकडच्या प्रत्येक इमर्जन्सी ट्रॉलीवर ती असते.

नर्सच्या हातात शॉक

कोपनहेगनची गोष्ट डॉक्टर-विद्यार्थ्यांची म्हणून सांगतात. नर्सची खरी उडी त्यानंतर दहा वर्षांनी, हृदयविकाराच्या विभागात आली.

१९५६ मध्ये पॉल झोल यांनी छातीवरून विजेचा शॉक देऊन हृदय पुन्हा तालावर आणता येतं हे दाखवलं. १९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून बाहेरून छाती दाबण्याची पद्धत आली, आज आपण सीपीआरमध्ये करतो तीच. आता अडचण अशी की हे सगळं तीन-चार मिनिटांत व्हायला हवं. डॉक्टर कँटीनमध्ये, घरी, दुसऱ्या मजल्यावर. खाटेशेजारी कायम कोण असतं? नर्स.

१९६१ मध्ये डेस्मंड ज्युलियन या ब्रिटिश डॉक्टरने 'लॅन्सेट'मध्ये मांडलं की हार्ट अटॅकचे रुग्ण एका विभागात, मॉनिटरवर आणि प्रशिक्षित माणसांच्या नजरेखाली ठेवा. १९६२ मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या बेथनी हॉस्पिटलमध्ये ह्यूजेस डे यांनी तसा विभाग उघडला. आणि फिलाडेल्फियात, प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये, लॉरेन्स मेल्टझर हे डॉक्टर आणि रोझ पिनिओ ही नर्स यांनी १९६३ मध्ये जो छोटा विभाग चालू केला, त्याचा पायाच हा होता की इथलं मुख्य काम नर्स करेल. ईसीजी नर्स वाचेल. धोका नर्स ओळखेल. आणि डॉक्टर पोचायच्या आत गरज पडली तर शॉकही नर्स देईल.

त्या काळात हे केवढं मोठं होतं बघा. नर्सने निदान करायचं नाही, ते डॉक्टरचं काम, हा तर धडाच होता. तो मोडायचा तर नर्सला शिकवावं लागणार. म्हणून त्यांनी काय केलं? १९६५ मध्ये नर्सेससाठी खास पुस्तक काढलं. लेखकांत डॉक्टर आणि नर्स शेजारी शेजारी. 'अनुभव घेऊन या' असं नाही म्हणाले, 'या, आम्ही शिकवतो' म्हणाले.

१९६९ मध्ये अमेरिकेत या नर्सेसनी आपली संघटना काढली, दोन वर्षांत तिच्या नावात 'क्रिटिकल केअर' आलं, आणि सत्तरच्या दशकातच त्यांची प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली. आज तिला बसण्याचा एक मार्ग असा की दोन वर्षांत १,७५० तास गंभीर रुग्णांची प्रत्यक्ष सेवा केलेली हवी. पायलटच्या उड्डाणाच्या तासांसारखं. गुण नाही, तास.

आमच्या कपाटातलं पुस्तक

इथे मला एक धक्का बसला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांत 'ड्रायफस मॉडेल' नावाची गोष्ट चघळली जाते. माणूस कौशल्य शिकतो ते पाच पायऱ्यांनी: नवखा, शिकाऊ, सक्षम, निपुण, तज्ज्ञ. मला वाटायचं हे आमचंच. तर नाही! बर्कलीचे दोन भाऊ, स्टुअर्ट ड्रायफस हे गणिती आणि ह्युबर्ट ड्रायफस हे तत्त्वज्ञ, यांनी १९८० मध्ये अमेरिकन हवाई दलासाठी हे मांडलं. पायलट, बुद्धिबळपटू वगैरेंकडे बघून. आणि ते खऱ्या अर्थाने जमिनीवर आणलं एका नर्सने. पॅट्रिशिया बेनर. १९८४ चं तिचं 'फ्रॉम नोव्हिस टू एक्सपर्ट'. आमच्याकडे ते नर्सिंगच्या रस्त्याने फिरून आलं.

बेनरने नर्सेसना बसवून प्रत्यक्ष प्रसंग सांगायला लावले. त्यातून तिच्या ज्या गोष्टी हाती आल्या, त्यातल्या तीन मला महत्त्वाच्या वाटतात.

एक, नुकतीच पास झालेली नर्स नियमांवर चालते. दहा गोष्टी समोर असल्या तर कुठली आधी, हे तिला दिसत नाही. हा तिचा दोष नाही, ही पायरी आहे. सक्षम व्हायला तशाच कामात साधारण दोन-तीन वर्षं लागतात.

दोन, अनुभव म्हणजे गेलेले दिवस नव्हेत. आपण मनात धरलेली कल्पना प्रत्यक्ष प्रसंगाला घासून बदलते, तेव्हा अनुभव झाला. नाहीतर पाच वर्षं म्हणजे एकच वर्ष पाच वेळा.

तीन, पायरी ही माणसाला नसते, जागेला असते. वॉर्डातली तज्ज्ञ नर्स लहान मुलांच्या आयसीयूत गेली की तिथे ती परत नवखीच.

हे तिसरं ऐकून छकुलीच्या जुन्या वादाचं काय होतं बघा. सगळीकडे सांगतात, आधी एक वर्ष वॉर्डात काढ, मग आयसीयूत जा. वॉर्डाचा फायदा आहेच. वेळेचा हिशोब, नातेवाइकांशी बोलणं, बिघडायला लागलेला पेशंट ओळखणं, हे तिथे अंगात मुरतं. पण आयसीयूच्या दारात तुम्ही पुन्हा शिकाऊ होणार, वर्ष काढलं तरी. म्हणजे खरा प्रश्न 'आधी कुठे?' हा नाहीच. खरा प्रश्न 'शेजारी कोण?' हा आहे.

बेनरच्या दहा वर्षं आधी, १९७४ मध्ये, मार्लीन क्रेमर या नर्सने एक पुस्तक लिहिलं होतं, 'रिअॅलिटी शॉक'. कॉलेजात शिकवलेली नर्सिंग आणि वॉर्डातली नर्सिंग यांच्यातली दरी बघून नव्या नर्सेस हा व्यवसायच कशा सोडतात, त्याबद्दल. पन्नास वर्षं झाली. पहाटे सव्वाचारचा फोन हा त्याच पुस्तकातून आल्यासारखा होता.

आणि आपल्याकडे

आपल्याकडे याची सुरुवात मुंबईतच झाली. १९६८ च्या सुमारास केईएममध्ये हृदयरुग्णांसाठी वेगळा विभाग आला, मग ब्रीच कँडीत. डॉ. फरोख उडवाडिया यांनी मुंबईत धनुर्वाताच्या रुग्णांवर जे काम केलं, ते म्हणजे आपल्या अतिदक्षता उपचारांचा पाया. धनुर्वातात स्नायू आखडून श्वास अडतो, रुग्णाला आठवडेच्या आठवडे श्वास पुरवत सांभाळावं लागतं. म्हणजे तेच कोपनहेगनचं काम. १९९३ मध्ये क्रिटिकल केअरवाल्या डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना झाली. अलीकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलने क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणला, त्यात बहुतेक वेळ प्रत्यक्ष कामात जातो.

आणि मग कोविड. ३ मे २०२१ ला केंद्र सरकारने ठरवलं की बीएस्सी आणि जीएनएम झालेल्या नर्सेसना पूर्णवेळ कोविड ड्युटीसाठी घ्यावं, ज्येष्ठ डॉक्टर आणि नर्सच्या देखरेखीखाली. १०० दिवस काम केलं तर पुढे सरकारी भरतीत प्राधान्य. सत्तर वर्षांनी पुन्हा तेच. साथ आली, हात कमी पडले, नवख्यांना बोलावलं. कागदावर 'देखरेखीखाली' हा शब्द होता. प्रत्येक रात्री प्रत्येक खाटेशी ती देखरेख होती का, हे तेव्हा ड्युटी केलेल्या तुमच्या मैत्रिणीला विचारा.

छकुलीचं पुढे काय झालं?

मी तिला हे सगळं सांगितलं. एवढं सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे मी ढ नाही, मी दुसऱ्या पायरीवर आहे." मी म्हटलं, "बरोबर. आणि तुला दिलेलं काम चौथ्या पायरीचं होतं."

तिने लेखी मागितलं की महिनाभर मला कुणाबरोबर तरी ठेवा. उत्तर आलं, माणसं नाहीत. ते खोटंही नव्हतं. ती बॅग हातात देणारी मोठी सिस्टर पुढच्या महिन्यात आखातात गेली. ज्यांच्याकडे शिकवण्याएवढा अनुभव येतो, तेच चांगल्या पगाराला बाहेर जातात, आणि त्यांची जागा भरायला परत एक फ्रेशर येते. तिला शिकवायला कुणी उरत नाही. हे चक्र एकट्या छकुलीने तुटणार नाही.

बाँडचे पैसे मामाने भरले. हो, भरले, आणि ते सोपं नव्हतं. आता ती दुसरीकडे एचडीयूत आहे. पगार चार हजारांनी कमी, पण पहिले सहा आठवडे ती एका सिस्टरच्या सावलीसारखी फिरली. आठव्या महिन्यात आयसीयूची पहिली पाळी. एक पेशंट.

तुमच्यापैकी कुणी नर्सिंग करत असेल, किंवा घरात कुणी असेल, तर मुलाखतीत त्यांनी 'अनुभव किती?' विचारल्यावर तुम्हीही चार प्रश्न विचारा. मी कुणाबरोबर शिकणार, तिचं नाव काय? किती आठवडे? एका वेळी माझ्याकडे किती पेशंट? आणि रात्री अडलं तर हाक मारायला कोण? या चारांची उत्तरं मिळाली नाहीत, तर तेही एक उत्तरच आहे.

आणि कधी तुमचं माणूस आयसीयूत असेल, काचेपलीकडे एखादी अगदी कोवळी दिसणारी सिस्टर गडबडलेली दिसेल, तर तिच्यावर आवाज चढवण्याआधी एक क्षण थांबा. ती कुठल्या पायरीवर आहे हे तिच्या हातात नाही. तिला कुणाशेजारी उभं केलंय, हे हॉस्पिटलच्या हातात आहे. आवाज चढवायचाच असेल तर तिथे चढवा.

छकुलीने हा मजकूर वाचून पास केलाय. फक्त एक दुरुस्ती सांगितली: "८१ नाही दादा, ७९ होता." तेवढं मी मुद्दाम वर तसंच ठेवलंय, कारण फोनवर तिनेच ८१ सांगितलं होतं. त्या पहाटे तिला खरा आकडा उच्चारायचं धाडस झालं नव्हतं. आता झालंय.

तुमच्या कामातली पहिली एकटी रात्र आठवत असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटू पुढच्या रविवारी. तोवर काळजी घ्या!